जामीन राहिल्यानंतर कर्जाच्या अटी बदलल्या, तर जामीनदार कितपत बांधलेला?

इंदूरच्या लोकमान्य नगरात राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या यजमानांचा सांवेर रोडच्या औद्योगिक क्षेत्रात पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा, एकट्याच्या मालकीचा कारखाना आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये बँकेने त्यांना ४० लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा (म्हणजे त्या रकमेपर्यंत लागेल तसे उचलण्याची आणि भरण्याची सोय) दिली आणि त्या वेळी हे गृहस्थ व त्यांची बहीण असे दोघे जामीन राहिले. जुलै २०१८ मध्ये बँकेने मर्यादा ६५ लाख केली, पण त्या कागदांवर यांची सही नाही. २०१९ मध्ये पालद्याचा तारण असलेला प्लॉट बँकेने विक्रीसाठी मोकळा केला, २०२० मध्ये करोनाकाळातील आपत्कालीन योजनेखाली १३ लाखांचे वेगळे कर्ज दिले आणि २०२१ मध्ये सगळ्या कर्जाची पुनर्रचना करून नवे हप्ते बांधून दिले. आता खाते बुडीत वर्गात गेले असून सरफेसी कायद्याच्या (ज्याखाली बँकेला न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेता येते) कलम १३(२) खाली ८४ लाखांची नोटीस यांच्याही नावाने आली आहे. त्यांचा स्वतःचा फ्लॅट गहाण नाही. ‘मला न विचारता करार बदलला, मग मी सुटलो का?’ असे ते विचारतात. बँकेच्या शाखेत मात्र त्यांना ‘सही केली आहे, सगळे भरावे लागेल’ असे सांगण्यात आले.

आपण पाठवलेले कागद वाचून माझे मत असे झाले आहे की या दोन्ही टोकांपैकी एकही खरे नाही. आपण आपोआप पूर्ण सुटलेला नाहीत, आणि ८४ लाखांचे देणेकरी तर आपण कोणत्याही वाचनाने होत नाही. आपली जबाबदारी शून्य ते ४० लाख आणि त्यावरील व्याज यांच्या दरम्यान कुठे तरी ठरेल. ती नेमकी कुठे ठरेल, हे कायद्याच्या कलमांइतकेच आपल्या हमीपत्रातील छापील मजकुरावर आणि नंतरच्या काही सह्यांवर अवलंबून आहे.

एक गैरसमज आधी दूर करतो. ‘बँकेने आधी मेव्हण्यांचा कारखाना विकावा, उरले तर माझ्याकडे यावे’ अशी अपेक्षा आपल्या पत्रात डोकावते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या १९६९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की जामीनदाराकडे जाण्यापूर्वी मूळ कर्जदाराकडील उपाय संपवण्याचे बंधन धनकोवर नाही. हा मुद्दा नोटिशीच्या उत्तरात घेऊ नये. त्याने बाकीचे चांगले मुद्देही दुबळे दिसतात.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. कलम १३३ असे सांगते की मूळ कर्जदार आणि धनको यांनी जामीनदाराच्या संमतीविना कराराच्या अटींत बदल केला, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरता जामीनदार मुक्त होतो. या कलमाखाली कायद्यातच दिलेली उदाहरणे वाचण्यासारखी आहेत. एकात १ मार्चला द्यायचे ठरलेले पाच हजार रुपये धनकोने १ जानेवारीलाच दिले, तर केवळ तेवढ्याने जामीनदार मोकळा झाला, कारण मुदतीआधीच दावा लावला जाण्याची शक्यता निर्माण झाली. प्रत्यक्ष नुकसान झाले की नाही हे तिथे विचारलेलेच नाही. तत्त्व इतके कडक असण्याचे कारण साधे आहे: जामीनदाराला स्वतःला काहीही मिळत नाही, तो दुसऱ्याच्या भल्यासाठी जोखीम घेतो, म्हणून त्याने जी जोखीम पाहून सही केली तीच त्याच्या माथी असावी. अर्थात प्रत्येक बारीक फेरफाराने सुटका होत नाही. १९६३ च्या अनिरुद्धन विरुद्ध थॉमकोज बँक या प्रकरणात हमीपत्रातील २५ हजारांचा आकडा जामीनदाराला न विचारता २० हजार केला गेला होता, तरी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने जामीनदाराला सोडले नाही, कारण बदल त्याच्या फायद्याचाच होता. आपल्या बाबतीत मर्यादा ४० वरून ६५ लाखांवर गेली. हा बदल किरकोळ नाही आणि आपल्या फायद्याचाही नाही, याबद्दल वाद होण्यासारखे काही नाही.

कलम १३३ मधील ‘बदलानंतरच्या व्यवहारांपुरता’ या शब्दांकडे मात्र बहुतेक जामीनदारांचे आणि कधी कधी त्यांच्या वकिलांचेही दुर्लक्ष होते. हे कलम मागचे देणे पुसत नाही. १२ जुलै २०१८ रोजी, म्हणजे नवी मर्यादा खात्याला लागली त्या दिवशी, आपण पाठवलेल्या उताऱ्यानुसार खात्यात ३७ लाख ६० हजार रुपये नावे होते. तेवढ्यापुरते आपण त्या दिवशी निश्चित बांधलेले होतात, आणि बँकेचे पहिले म्हणणे हेच असेल की फार तर नंतरचे सोडा, हे ३७ लाख ६० हजार तर द्या.

पण कॅश क्रेडिट हे मुदत कर्जासारखे स्थिर देणे नव्हे. ते वाहते खाते आहे. रोज माल विकल्याचे पैसे जमा होतात, रोज धनादेश वटतात. कलम ६१ सांगते की जमा रक्कम कोणत्या देण्यापोटी घ्यायची हे दोघांपैकी कोणीच ठरवले नसेल, तर ती देणी ज्या क्रमाने निर्माण झाली त्या क्रमाने फिटतात, म्हणजे जुने आधी. इंग्लंडमध्ये १८१६ साली क्लेटनच्या प्रकरणात वाहत्या खात्यासाठी हाच नियम घालून दिला गेला होता. आता उतारा पुन्हा पाहा. जुलै २०१८ नंतरच्या वर्षभरात या खात्यात ९० लाखांहून अधिक रक्कम जमा झाली आहे. क्रमाने फेड धरली तर ते ३७ लाख ६० हजार पहिल्या काही महिन्यांतच संपूर्ण फिटले, आणि आज जी बाकी दिसते ती सगळी १२ जुलै २०१८ नंतरच्या उचलीची आहे, जिच्यासाठी कलम १३३ नुसार आपण जामीन नाही. जामीनदाराने हमी मागे घेतल्याची नोटीस दिली किंवा त्याचे निधन झाले, की जाणती बँक ते खाते तिथेच थांबवते आणि पुढचे व्यवहार नव्या खात्यात वळवते, ते याच भीतीने. इथे बँकेने खाते तोडले नाही, त्याच क्रमांकाखाली नुसती मर्यादा वाढवली. आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हा आहे आणि नोटिशीच्या उत्तरात तो आकडेवारीसह, पानांचे हवाले देऊन, आलाच पाहिजे.

याला बँकेचे उत्तर काय असेल तेही सांगतो. छापील हमीपत्रांत बहुधा असे वाक्य असते की ही हमी सतत चालू राहणारी असून खात्यातील अंतिम बाकीला लागू आहे, आणि मधल्या काळात खाते जमेत आले किंवा त्यात भरणा झाला तरी जामीनदाराची जबाबदारी कमी होणार नाही. आपण पाठवलेल्या प्रतीत दुसऱ्या पानावर, चौथ्या परिच्छेदात, ते वाक्य आहे. त्यामुळे केवळ कलम ६१ वर विसंबून बाकी शून्य झाली असे कर्जवसुली न्यायाधिकरण मान्य करेलच, असे मी म्हणणार नाही. पण हे वाक्य ज्या मर्यादेच्या संदर्भात लिहिले आहे ती ४० लाखांची आहे, ही गोष्ट त्या वाक्यालाही बांधते, आणि वाद तिथून सुरू होतो.

त्याहून मोठा अडथळा त्याच हमीपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. बँकेने कर्जदाराला मुदत दिली, मर्यादा कमी-जास्त केली, तारण सोडले किंवा बदलले तरी माझी जबाबदारी कायम राहील, आणि कलम १३३, १३४, १३५, १३९ व १४१ खालील माझे हक्क मी सोडून देत आहे, असा मजकूर त्यात आहे. असा आगाऊ हक्कत्याग चालतो का, हा प्रश्न जुना आहे आणि न्यायालयांचा कल बँकेकडे राहिला आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने टी. राजू शेट्टी विरुद्ध बँक ऑफ बडोदा या १९९१ च्या निकालात जामीनदाराला हे हक्क करारानेच सोडता येतात असे धरले. कलम १३० मधील हमी मागे घेण्याचा हक्कसुद्धा करारातील अशा अटीमुळे गमावला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने सीताराम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या २००८ च्या निकालात म्हटले. तेव्हा ‘छापील मजकूर कोण वाचतो’ ही तक्रार मानवी असली तरी कायद्याच्या दृष्टीने तिला फारसे वजन नाही.

माझ्या मते इथे लढण्याची जागा वेगळी आहे. आगाऊ संमती दिली म्हणून जबाबदारी जिवंत राहू शकते, पण तिचा आकार वाढू शकत नाही. आपल्या हमीपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात ‘रुपये ४०,००,००० पर्यंत’ असे अक्षरी आणि अंकी लिहिले आहे. बँकेने कर्जदाराला मर्यादा वाढवून देण्यास आपली हरकत नाही, याचा अर्थ वाढीव मर्यादेलाही आपण जामीन आहोत असा होत नाही; तसे असते तर आकडा लिहिण्याचे प्रयोजनच उरले नसते. त्यामुळे हक्कत्यागाचा परिच्छेद पूर्णपणे बँकेच्या बाजूने वाचला, तरी आपल्यासाठी छत ४० लाखांचेच आहे. व्याज त्या ४० लाखांच्या आत आहे की वर, आणि वर असेल तर ते मागणीच्या तारखेपासून की आधीपासून, हे मात्र पहिल्या परिच्छेदातील उरलेल्या दोन ओळींवर ठरते, आणि आपण पाठवलेल्या छायाप्रतीत नेमक्या त्याच ओळी घडीत गेल्या आहेत. मूळ कागदाची स्वच्छ प्रत बँकेकडून लेखी मागवा.

दुसरा प्रश्न असा की २०१८ चा व्यवहार हा जुन्या करारातील बदल होता की जुना करार संपवून केलेला नवा करार होता. कलम ६२ प्रमाणे जुन्याच्या जागी नवा करार आला, तर जुना पाळण्याची गरज उरत नाही, आणि मग जुन्या करारासाठी दिलेली हमी कशावर उभी राहणार? हक्कत्यागाचा परिच्छेदही त्याच हमीपत्रात असल्याने त्याचा आधारही सुटतो. २०१८ च्या मंजुरीपत्रात तीन गोष्टी पाहा: ‘पूर्वीच्या मंजुरीच्या जागी’ अशा अर्थाचे शब्द आहेत का, नवे वचनपत्र आणि नवा दृष्टिबंधक करार (माल कर्जदाराच्याच ताब्यात ठेवून तारण देण्याचा) घेतला का, आणि जामीनदारांच्या रकान्यात आपले नाव असून त्यापुढे नवे हमीपत्र घेण्याची अट घातली होती का. तिसरी गोष्ट सापडली तर ती फार उपयोगी आहे. आपली नवी सही हवी असे बँकेने स्वतःच ठरवले, ती घेतली नाही आणि तरीही पैसे दिले, असा त्याचा अर्थ होतो. आपल्या बहिणीने जुलै २०१८ मध्ये ६५ लाखांचे नवे हमीपत्र दिल्याचे आपण लिहिता, त्यावरून अशी अट असण्याचा संभव बराच आहे.

२०२० च्या १३ लाखांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. त्या योजनेत २९ फेब्रुवारी २०२० च्या येणे बाकीच्या २० टक्क्यांपर्यंत जादा कर्ज केंद्र सरकारच्या हमी कंपनीच्या भरवशावर दिले गेले, त्यासाठी वेगळे खाते आणि वेगळे कागद झाले, आणि त्यावर आपली सही नाही. ते आपल्या नावे मागणे चूक आहे, असे एका वाक्यात लिहा.

२०२१ च्या पुनर्रचनेला कलम १३५ लागते. धनकोने जामीनदाराला न विचारता कर्जदाराला मुदत वाढवून देण्याचा करार केला, तर जामीनदार मुक्त होतो, आणि इथे ‘नंतरच्या व्यवहारांपुरता’ अशी मर्यादा नाही. मात्र नुसते गप्प बसणे, दावा न लावणे, म्हणजे मुदत देणे नव्हे, असे कलम १३७ बजावते. म्हणून मार्च ते ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने व्याजवसुली पुढे ढकलली गेली, तिच्यावर मी भर देणार नाही. २०२१ चा कागद वेगळा आहे. त्यात नवे हप्ते, नव्या तारखा आणि कर्जदाराची सही आहे. हा मुदत देण्याचा सरळ करार होय. त्याच्याविरुद्ध बँकेकडे एकच ढाल आहे, ती म्हणजे वर सांगितलेला हक्कत्यागाचा परिच्छेद.

पालद्याच्या प्लॉटचे प्रकरण कलम १४१ खाली येते. जामीन राहण्याच्या वेळी धनकोकडे जे तारण होते ते त्याने जामीनदाराच्या संमतीविना सोडले किंवा गमावले, तर त्या तारणाच्या किमतीइतका जामीनदार मोकळा होतो. कायद्याचा शब्द ‘त्या वेळी असलेले’ तारण असा आहे, म्हणून २०१६ च्या मंजुरीपत्रात हा प्लॉट तारणांच्या यादीत आहे हे दाखवणे आवश्यक आहे. मध्य प्रदेश शासन विरुद्ध काळूराम या १९६७ च्या प्रकरणात जंगलठेकेदाराने हप्ते न भरताच तोडलेला माल शासनाने त्याला नेऊ दिला, म्हणून जामीनदाराची सुटका झाली होती. १९८० मध्ये स्टेट बँक ऑफ सौराष्ट्रच्या प्रकरणातही बँकेच्या ताब्यातला तारण माल तिच्या निष्काळजीपणाने नाहीसा झाल्याचा लाभ जामीनदाराला मिळाला. कारखान्यातला कच्चा माल आणि तयार खोकी घटल्याचीही तक्रार आपण केली आहे, पण तो माल दृष्टिबंधक होता, म्हणजे ताबा मेव्हण्यांकडेच होता. तिथे बँकेला जबाबदार धरणे कठीण जाते. प्लॉटवरच लक्ष द्या. प्लॉटच्या विक्रीतून ११ लाख खात्यात जमा झाले असतील आणि त्या दिवशीचा बाजारभाव त्याहून बराच जास्त असेल, तर वाद फरकाच्या रकमेचा आहे, हेही लक्षात असू द्या.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते तिच्याबद्दल. २०१९ च्या दिवाळीआधी मेव्हण्यांनी घरी आणलेल्या दोन-तीन कागदांवर आपण न वाचता सही केल्याचे आपण लिहिले आहे. दावा लावण्याची तीन वर्षांची कालमर्यादा संपू नये म्हणून बँका कर्जदार आणि जामीनदार यांच्याकडून ठरावीक काळाने ‘रिव्हायवल लेटर’ (देणे अजून कायम असल्याचे पत्र) आणि बाकी मान्य असल्याचे पत्र घेतात. त्या कागदावर ‘६५ लाखांच्या मर्यादेपोटी’ असे शब्द असतील, तर बँक म्हणेल की आपण २०१८ च्या बदलाला मागाहून संमती दिली. संमती नंतरही देता येते, आणि लेखी असेल तर ती नाकारणे अवघड असते. नुसत्या गप्प राहण्याला मात्र संमती म्हणत नाहीत. ते कागद मिळाल्यावर आकडा कोणत्या शाईत, कोणाच्या हस्ताक्षरात भरला आहे, सही करताना जागा कोरी होती का, हे बघा. मुद्रांकावरचा दिनांकही जरूर तपासा. मध्य प्रदेशात ई-मुद्रांक ‘संपदा’ प्रणालीतून निघतो आणि तो केव्हा निघाला हे त्यावरच छापलेले असते. कागदावरची तारीख मुद्रांकाच्या तारखेच्या आधीची निघाली, तर त्या कागदाची विश्वासार्हता बरीच ढासळते. हा कागद पाहिल्याशिवाय नोटिशीच्या उत्तरात ‘मी नंतर कधीही कशावरही सही केली नाही’ असे विधान मुळीच करू नका.

फ्लॅटविषयी. सरफेसी कायद्यात ‘कर्जदार’ या संज्ञेत जामीनदारही येतो, म्हणून नोटीस आपल्या नावाने निघाली. पण त्या कायद्याखाली बँकेला ताबा घेता येतो तो फक्त तारण दिलेल्या मालमत्तेचा. आपला फ्लॅट तारण नाही, त्यामुळे कलम १३(४) खाली त्याला हात लावता येणार नाही. याचा अर्थ फ्लॅट कायमचा सुरक्षित आहे असा नाही: मागणी २० लाखांच्या वर असल्याने बँक जबलपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात मूळ अर्ज दाखल करू शकते, आणि तिथे वसुली प्रमाणपत्र निघाले तर कोणतीही मालमत्ता जप्त होऊ शकते. मधल्या काळात घाबरून फ्लॅट मुलाच्या नावे करण्याचा विचार आपण बोलून दाखवला आहे. तो सोडून द्या. धनकोला चुकवण्यासाठी केलेले हस्तांतरण रद्द होऊ शकते, आणि तोपर्यंत आपल्या खऱ्या मुद्द्यांवरचा विश्वास मात्र उडतो.

नोटिशीचे साठ दिवस संपण्याच्या आत लेखी हरकत द्या. बँकेला ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते, आणि त्या उत्तरातून बँक कोणत्या कागदावर विसंबते आहे हे आपल्याला कळते. त्याच पत्रात कलम १३० प्रमाणे पुढील व्यवहारांपुरती हमी मागे घेत असल्याचेही लिहा. हमीपत्रातील अटीमुळे ते टिकेल की नाही हा वेगळा प्रश्न, पण न लिहिण्यात काही लाभ नाही.

मेव्हणे बँकेशी एकरकमी तडजोडीची बोलणी करत आहेत असे आपण म्हणता. त्या बोलण्यांत आपण लेखी सामील व्हा आणि तडजोडपत्रात जामीनदारांची नावे घालून त्यांच्याविरुद्धचे सर्व हक्क सोडल्याचे वाक्य असल्याशिवाय स्वतःच्या खिशातून एक रुपयाही देऊ नका. अन्यथा कर्जदाराला सवलत देऊन उरलेली रक्कम जामीनदाराकडून वसूल करण्याचा हक्क बँका राखून ठेवतात.

आपल्याला काही भरावे लागलेच, तर तेवढ्या रकमेसाठी कलम १४५ नुसार मेव्हण्यांवर आणि कलम १४६ नुसार सहजामीनदार म्हणून बहिणीवर आपला हक्क उभा राहतो, आणि दोन्हीसाठी तीन वर्षांची मुदत आहे. सख्ख्या बहिणीच्या घरी वकिलाचे पत्र धाडणे कोणालाही जड जाते, आणि आज तसे करा असे मी सांगतही नाही. पण बँकेला केलेला प्रत्येक भरणा आपल्याच खात्यातून, ‘जामीनदार म्हणून, हक्क राखून’ असे लिहून, धनादेशाने करा. मेव्हण्यांच्या हाती रोख देऊन त्यांना भरायला सांगू नका, कारण ती रक्कम आपण भरली होती हे नंतर सिद्ध करणे आपल्याच अंगावर येईल.